कर्करोगाचे उपचार आणि हाडांचे सामर्थ्य

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगता याव्यात:

- हाड सतत मोडते आणि बांधले जाते म्हणजे नेमके काय होते
- कर्करोगाच्या कोणत्या उपचाराने हाडे विरळ होतात आणि का
- घनता थोडी कमी झाली तरी सामर्थ्य जास्त का घटते
- डेक्सा तपासणीचा अहवाल कसा वाचावा
- औषधे, आहार, व्यायाम आणि पडण्यापासून बचाव या चार गोष्टी एकमेकांना कशा पूरक ठरतात

पूर्वतयारी म्हणून स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्सची तोंडओळख पुरेशी आहे. जीवशास्त्र बारावीपर्यंत झाले नसले तरी अडणार नाही.

१. प्रस्तावना

कर्करोगाचे निदान झाले की घरात सगळ्यांचे लक्ष एकाच प्रश्नावर असते: गाठ जाईल का? ते साहजिकच आहे. पण आज स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारानंतर दीर्घकाळ जगतात. भारतात स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग सर्वांत जास्त आढळतो आणि पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत तो आपल्याकडे सरासरीने सुमारे १० वर्षे आधीच्या वयात होतो. पंचेचाळिसाव्या वर्षी बरी झालेली स्त्री पुढे तीस वर्षे किंवा त्याहून अधिक जगणार असते. ती वर्षे तिला याच हाडांवर काढायची असतात.

अडचण अशी की हाडांची झीज दुखत नाही. रक्तदाबासारखीच ती मुकाट्याने वाढते. पहिले लक्षण बहुधा फ्रॅक्चर हेच असते. मनगट मोडते, मणका दबतो किंवा खुबा मोडतो. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर पूर्वीसारखे चालणे पुष्कळांना जमत नाही. कर्करोगातून बाहेर आलेल्या माणसाने न्हाणीघरात घसरून अंथरुणाला खिळावे, हे बऱ्याच अंशी टाळता येण्याजोगे आहे. मात्र त्याची तयारी उपचार सुरू होतानाच करावी लागते.

अभियंता कोणत्याही रचनेकडे पाहताना एक गुणोत्तर डोळ्यांसमोर ठेवतो:

सुरक्षा गुणांक = रचनेचे सामर्थ्य ÷ रचनेवर येणारा भार

हे गुणोत्तर १ च्या खाली गेले की रचना मोडते. या पाठात आपण हाडाकडे याच सूत्रातून पाहणार आहोत. कर्करोगाचे उपचार अंश कमी करतात आणि काही वेळा छेदही वाढवतात. त्यामुळे बचावही दोन्ही बाजूंनी करावा लागतो.

२. हाड म्हणजे डागडुजी चालू असलेली रचना

हाड हे संमिश्र द्रव्य आहे. कोलॅजनचे तंतू त्याला चिवटपणा देतात, तर हायड्रॉक्सीअ‍ॅपॅटाइट हे कॅल्शियम-फॉस्फेटचे खनिज कडकपणा देते. सळई आणि काँक्रीट यांची जोडी आठवा. बाहेरचे घट्ट कवच म्हणजे कॉर्टिकल हाड. सांगाड्याच्या वस्तुमानाचा सुमारे ८० टक्के भाग त्याचा असतो. आतल्या जाळीदार भागाला ट्रॅबेक्युलर हाड म्हणतात. मणके आणि खुब्याजवळचा भाग या जाळीने भरलेला असतो.

१८६० च्या दशकात झुरिकमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ हेरमान फॉन मेयर यांनी मांडीच्या हाडाचे उभे छेद दाखवले. ते पाहून अभियंते कार्ल कुलमान यांच्या लक्षात आले की ही जाळी त्यांनी क्रेनसाठी काढलेल्या प्रतिबल रेषांसारखी दिसते. पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी हाड भारानुसार आपली रचना बदलते असा नियम मांडला. त्यातला गणिती भाग आज जसाच्या तसा मानला जात नाही, पण मूळ कल्पना टिकली आहे: वापरले तर हाड राहते, न वापरले तर शरीर ते काढून टाकते. अवकाशवीरांच्या खुब्याचे हाड भारहीन अवस्थेत महिन्याला सुमारे १ ते दीड टक्का घटते, ते यामुळेच.

ही डागडुजी तीन प्रकारच्या पेशी करतात:

- ऑस्टिओक्लास्ट: जुने हाड खरवडून काढतात. एका जागेचे काम दोन ते चार आठवड्यांत संपते.
- ऑस्टिओब्लास्ट: त्या खड्ड्यात नवे हाड भरतात. याला तीन ते चार महिने लागतात.
- ऑस्टिओसाइट: हाडात गाडलेल्या या पेशी संवेदकाचे काम करतात. भार कुठे येतो हे ओळखून बाकीच्यांना संदेश पाठवतात.

प्रौढ माणसाचा सुमारे १० टक्के सांगाडा दरवर्षी असा नवा होतो. जाळीदार हाडाचे नूतनीकरण कवचापेक्षा कितीतरी वेगाने चालते. म्हणून बिघाड झाला की तो आधी मणक्यांत दिसतो.

खोदकाम आठवड्यांत होते आणि भरणीला महिने लागतात, ही बाब ध्यानात ठेवा. एकाच वेळी फार जागी खोदकाम सुरू झाले, तर भरणाऱ्या पेशी निरोगी असूनही हाड मागे पडते. खोदकामाला लगाम घालण्याचे काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते. ते कमी झाले की रँकल नावाच्या प्रथिनाचा प्रभाव वाढतो आणि ऑस्टिओक्लास्टची संख्या व कामाचा कालावधी दोन्ही वाढतात. पुरुषांतही हाडांचे रक्षण मोठ्या प्रमाणात टेस्टोस्टेरॉनपासून तयार होणारे इस्ट्रोजेनच करते. हे पुष्कळ विद्यार्थ्यांना नवीन असते.

३. घनता थोडी घटली तरी सामर्थ्य जास्त का घटते?

याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण म्हणजे वर्गाचा नियम. जाळीदार हाडाचे सामर्थ्य ढोबळमानाने त्याच्या घनतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. घनता १० टक्के घटली तर सामर्थ्य ०.९ × ०.९ = ०.८१ पट उरते, म्हणजे १९ टक्के घट. घनता २० टक्के घटली तर सामर्थ्य ३६ टक्के घटते.

दुसरे कारण म्हणजे बकलिंग. जाळीतल्या उभ्या काड्या म्हणजे बारीक कॉलम. आडव्या काड्या त्यांना मधेमधे धरून ठेवतात. ऑयलरच्या सूत्रानुसार कॉलम वाकण्याचा क्रांतिक भार हा त्याच्या आधाररहित लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. मधली एक आडवी काडी नाहीशी झाली की लांबी दुप्पट होते आणि क्रांतिक भार एक चतुर्थांशावर येतो. हाडाच्या वस्तुमानात जेमतेम फरक पडलेला असतो, पण कॉलम निकामी होण्याच्या बेतात असतो. शिवाय तुटलेली आडवी काडी नंतर पुन्हा जोडली जाणे अवघड असते. ऑस्टिओब्लास्टला हाड भरायला पृष्ठभाग लागतो. काडीच उरली नाही तर भरायचे कुठे?

म्हणून झीज झाल्यावर भरून काढण्यापेक्षा ती होऊच न देणे केव्हाही सोपे.

४. कोणत्या उपचाराने काय होते?

४.१ अ‍ॅरोमॅटेझ इन्हिबिटर. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या त्या गोळ्या. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरात थोडे इस्ट्रोजेन चरबी आणि स्नायूंमध्ये अ‍ॅरोमॅटेझ या विकराच्या मदतीने तयार होत असते. संप्रेरक-संवेदी स्तनाच्या कर्करोगात तेही बंद करायचे असते, म्हणून या गोळ्या साधारण पाच वर्षे किंवा अधिक काळ देतात. कर्करोगासाठी त्या प्रभावी आहेत, पण हाडांचा उरलासुरला लगामही सुटतो. अ‍ॅनास्ट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन यांची तुलना करणाऱ्या अटॅक या मोठ्या चाचणीत सुमारे साडेपाच वर्षांच्या पाठपुराव्यात फ्रॅक्चरचे प्रमाण अनुक्रमे ११ टक्के आणि ७.७ टक्के आढळले.

४.२ टॅमॉक्सिफेन. हे औषध रजोनिवृत्तीनंतर हाडांवर इस्ट्रोजेनसारखे काम करून त्यांना आधार देते. मात्र पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये मूळ इस्ट्रोजेन भरपूर असते. तिथे हेच औषध त्याची जागा अडवते आणि हाड काहीसे घटते. एकाच औषधाचा परिणाम वयानुसार उलटा होण्याचे हे चांगले उदाहरण आहे.

४.३ अकाली रजोनिवृत्ती. केमोथेरपीमुळे अंडाशयाचे काम थांबू शकते, किंवा इंजेक्शन वा शस्त्रक्रियेने ते मुद्दाम थांबवतात. नैसर्गिक रजोनिवृत्तीत संप्रेरक हळूहळू उतरते, इथे ते कड्यावरून कोसळावे तसे खाली येते. हाडांची सर्वांत वेगवान झीज या गटात होते. भारतात तरुण रुग्णांचे प्रमाण अधिक असल्याने हा मुद्दा आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे.

४.४ पुरुषांमधील संप्रेरकरोधक उपचार. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन कमी करण्यासाठी इंजेक्शने देतात किंवा वृषणे काढतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० हजारांहून अधिक अमेरिकी पुरुषांच्या अभ्यासात, निदानानंतर किमान पाच वर्षे जगलेल्यांपैकी हा उपचार घेतलेल्या १९.४ टक्के पुरुषांना फ्रॅक्चर झाले होते. न घेतलेल्यांत हे प्रमाण १२.६ टक्के होते. आपल्याकडे खर्च कमी म्हणून अनेक जण शस्त्रक्रियेचा पर्याय निवडतात. शस्त्रक्रिया एकदाच होते आणि इंजेक्शनच्या फेऱ्या वाचतात, पण संप्रेरकाची घट कायमची असते. फेऱ्या नाहीत म्हणून हाडांची तपासणीही विसरली जाऊ नये.

४.५ स्टेरॉइड. लिम्फोमा, मायलोमा आणि ल्युकेमियाच्या उपचारांत प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन मोठ्या मात्रेत असते. स्टेरॉइडमुळे भरणाऱ्या पेशी मंदावतात, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि स्नायूही दुबळे होतात. म्हणजे अंश घटतो आणि पडण्याची शक्यता वाढते.

४.६ किरणोपचार. याचा परिणाम किरण पडलेल्या जागेपुरता असतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरण दिल्यावर काही रुग्णांच्या त्रिकास्थीला, म्हणजे कण्याच्या तळाच्या हाडाला, बारीक तडे जातात. कंबर दुखू लागते आणि ‘रोग परत आला’ या भीतीने घर हादरते. दोन्हींतला फरक एमआरआयसारख्या तपासणीने डॉक्टर ठरवतात.

४.७ पोषणावरचे परिणाम. जठर काढल्यानंतर कॅल्शियमचे शोषण घटते. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्यास रक्तातले कॅल्शियम एकदम खाली येऊ शकते. दीर्घ आजारात भूक, वजन आणि हालचाल तिन्ही कमी होतात.

५. एक सोडवलेले उदाहरण

वैद्यकीय साहित्यात हाडांच्या घनतेच्या वार्षिक घटीचे ढोबळ आकडे असे दिले जातात:

- वयस्कर निरोगी पुरुष: सुमारे ०.५ टक्के
- रजोनिवृत्तीला बरीच वर्षे झालेली स्त्री: सुमारे १ टक्का
- रजोनिवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे: सुमारे २ टक्के
- अ‍ॅरोमॅटेझ इन्हिबिटर: सुमारे २.६ टक्के
- पुरुषांतील संप्रेरकरोधक उपचार: सुमारे ४.६ टक्के
- केमोथेरपीमुळे अंडाशय बंद पडणे: सुमारे ७.७ टक्के

प्रश्न: अ‍ॅरोमॅटेझ इन्हिबिटर पाच वर्षे घेतल्यास, इतर काहीच न केल्यास, जाळीदार हाडाचे सामर्थ्य किती उरेल? दर कायम आहे असे धरा.

उत्तर: पाच वर्षांनंतरची घनता = ०.९७४ चा पाचवा घात = ०.८७७. सामर्थ्य = ०.८७७ चा वर्ग = ०.७७. म्हणजे घनता सुमारे १२ टक्के घटली, पण सामर्थ्य सुमारे २३ टक्के घटले.

गोळी न घेणाऱ्या त्याच वयाच्या स्त्रीसाठी दर १ टक्का धरला तर घनता ०.९५१ आणि सामर्थ्य ०.९०४ येते, म्हणजे सामर्थ्यात साडेनऊ टक्क्यांच्या आसपास घट.

प्रत्यक्षात दर कायम राहत नाही. सुरुवातीला तो जास्त असतो, पुढे मंदावतो. त्यामुळे हे उत्तर भाकीत म्हणून वापरू नका. त्यातून एवढेच घ्यायचे की पहिल्या एक-दोन वर्षांत लक्ष घातले तर सर्वांत जास्त हाड वाचते.

याचा अर्थ गोळी बंद करावी असा मुळीच नाही. कर्करोगावरचे औषध हाडांच्या भीतीने स्वतःहून थांबवणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. हाडांची झीज रोखण्याचे मार्ग उपलब्ध आहेत.

६. मोजणी: डेक्सा तपासणी

डेक्सामध्ये दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे क्ष-किरण शरीरातून पाठवतात. किरणांची तीव्रता पदार्थातून जाताना घातांकी नियमाने घटते. मऊ ऊती आणि हाड अशा दोन अज्ञात राशी असतात. दोन ऊर्जा वापरल्या की दोन समीकरणे मिळतात आणि उत्तर निघते. किरणोत्सर्गाची मात्रा अगदी अल्प असते. मोजमाप प्रति चौरस सेंटिमीटर ग्रॅममध्ये येते, म्हणजे ती खरी घनता नसून क्षेत्रीय घनता असते.

अहवालात टी-स्कोअर महत्त्वाचा. निरोगी तरुण प्रौढांच्या सरासरीपासून रुग्ण किती प्रमाण विचलन दूर आहे, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार:

- −१ किंवा वर: सामान्य
- −१ ते −२.५ यांमध्ये: घनता कमी (ऑस्टिओपेनिया)
- −२.५ किंवा खाली: ऑस्टिओपोरोसिस

एक प्रमाण विचलन म्हणजे सुमारे १० ते १२ टक्के घनता. टी-स्कोअर एकाने उतरला की फ्रॅक्चरचा धोका साधारण दीड ते दोन पट होतो. खुब्यासाठी तो त्याहून जास्त वाढतो. या व्याख्या रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रिया आणि पन्नाशीपुढच्या पुरुषांसाठी आहेत. तरुण रुग्णात समवयस्कांशी तुलना करणारा झेड-स्कोअर पाहतात.

अहवाल वाचताना तीन सावधगिरी बाळगा:

1. पुढची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी. दोन यंत्रांच्या आकड्यांची वजाबाकी विश्वासार्ह नसते.
2. मणक्यांत संधिवाताची हाडे वाढलेली असली तर घनता खोटी जास्त दिसते. तेव्हा खुब्याचा आकडा पाहावा.
3. औषध दुकानात किंवा शिबिरात टाचेवर होणारी मोफत अल्ट्रासाउंड चाचणी म्हणजे डेक्सा नव्हे. उपचाराचा निर्णय तिच्यावर घेऊ नये.

डेक्साचा आकडा हा निर्णयाचा एक भाग असतो. वय, आधीचे फ्रॅक्चर, आईवडिलांना झालेले खुब्याचे फ्रॅक्चर, कमी वजन, धूम्रपान आणि स्टेरॉइड हे घटकही डॉक्टर धरतात. त्यामुळे टी-स्कोअर −२.५ पर्यंत उतरण्याआधीच औषध सुरू करण्याचा सल्ला मिळाला तर गोंधळू नये. पूल कोसळायची वाट पाहून कोणी डागडुजी करत नाही.

७. सामर्थ्याची बाजू: औषधे

७.१ बिस्फॉस्फोनेट. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड हे शिरेतून देतात, अ‍ॅलेंड्रोनेट ही गोळी. ही द्रव्ये हाडातल्या खनिजाला चिकटतात. ऑस्टिओक्लास्ट तो भाग खरवडायला आला की त्याचे काम बंद पडते. ती हाडात वर्षानुवर्षे राहतात, म्हणून औषध थांबवले तरी परिणाम काही काळ टिकतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात, रजोनिवृत्तीनंतरच्या रुग्णांत बिस्फॉस्फोनेटमुळे हाडांत कर्करोग परतण्याचे प्रमाण दहा वर्षांत ८.८ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आले. स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही काहीसे कमी झाले.

पहिल्या सलाइननंतर एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी होऊ शकते. मूत्रपिंडाचे काम आधी तपासावे लागते.

७.२ डेनोसुमॅब. हे रँकल या प्रथिनाला पकडणारे प्रतिपिंड आहे. सहा महिन्यांतून एकदा ६० मिलिग्रॅम त्वचेखाली देतात. अ‍ॅरोमॅटेझ इन्हिबिटर घेणाऱ्या ३,४२५ स्त्रियांच्या चाचणीत त्याने फ्रॅक्चरचा धोका निम्म्यावर आणला. संप्रेरकरोधक उपचार घेणाऱ्या पुरुषांच्या चाचणीत तीन वर्षांतील मणक्यांच्या नव्या फ्रॅक्चरचे प्रमाण ३.९ वरून १.५ टक्क्यांवर आले.

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची सूचना. डेनोसुमॅब हाडात साठत नाही. त्याचा अंमल संपला की दाबून ठेवलेल्या ऑस्टिओक्लास्ट एकदम उसळतात. कमावलेली घनता झपाट्याने जाते आणि काही रुग्णांचे एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. शेवटच्या इंजेक्शनला सात महिने उलटल्यानंतर असे फ्रॅक्चर झाल्याची नोंद आहे. म्हणून हे इंजेक्शन चुकवू नये, ‘आता बरे वाटते’ म्हणून सोडू नये आणि थांबवायचेच असेल तर पाठोपाठ बिस्फॉस्फोनेट देण्याची योजना आधीच ठरवून घ्यावी. गाव बदलले, नोकरी बदलली, विम्याचे कागद अडकले, अशा साध्या कारणांनी तारीख हुकते. घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी म्हणून ती तारीख तुमच्या फोनमध्ये नोंदवून ठेवणे ही खरी मदत आहे.

७.३ दात आणि जबडा. या दोन्ही औषधांनी क्वचित जबड्याचे हाड उघडे पडून भरत नाही. दात काढल्यानंतर हा धोका वाढतो. म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी दंतवैद्याकडून तपासून घ्यावे आणि काढायचे दात आधी काढून घ्यावेत. नंतर दाताचे कोणतेही काम करताना ‘मी हाडांचे इंजेक्शन घेते’ असे सांगावे.

७.४ मात्रेतला फरक. हाडांत पसरलेल्या कर्करोगासाठीही हीच औषधे देतात, पण जास्त वेळा किंवा जास्त मात्रेत. दोन रुग्णांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून तुलना करू नये.

हाड बांधणारे टेरिपॅराटाइड हे औषध हाडांवर किरणोपचार झालेल्यांना किंवा हाडांत कर्करोग असलेल्यांना देत नाहीत. संप्रेरक-संवेदी स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेनही देत नाहीत.

८. कच्चा माल: कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व

औषध म्हणजे मुकादम. सिमेंट नसेल तर तो एकटा काय करणार? शिवाय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी असताना वरची इंजेक्शने दिली तर रक्तातले कॅल्शियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

भारतीय प्रौढांसाठी दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस आहे. रजोनिवृत्तीनंतर १,२०० मिलिग्रॅम. अंदाज असा घ्या: एक मोठा पेला (२५० मिलिलिटर) दूध सुमारे ३०० मिलिग्रॅम, १०० ग्रॅम नाचणीचे पीठ सुमारे ३५० मिलिग्रॅम, १० ग्रॅम तीळ सुमारे १०० मिलिग्रॅम. नाचणीची भाकरी असो, कर्नाटकातला मुद्दे असो किंवा तमिळनाडूतली कूळ, धान्य तेच. काट्यासकट खाता येणारी बारीक मासळीही उत्तम. पालकात कॅल्शियम दिसते, पण ऑक्झॅलेटमुळे फार थोडे शोषले जाते.

गोळी घ्यायची असेल तर वेष्टन नीट वाचा. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. ती जेवणाबरोबर घ्यावी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर ठेवावी आणि लोहाची गोळीही तिच्यासोबत घेऊ नये.

ऊन भरपूर असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता भारतात सर्वत्र आढळते. खिडकीच्या काचेतून आवश्यक अतिनील किरण आत येत नाहीत. उपचार चालू असताना उन्हात जाणे जमतही नाही. डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ती रोज घ्यायची नसते आणि मनाने वर्षभर चालूही ठेवायची नसते. जास्त झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते.

९. व्यायाम: संवेदकाला संदेश

१९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी कोंबड्याच्या पंखातल्या हाडावर ठरावीक भार देऊन प्रयोग केले. दिवसाला ३६ भारचक्रे दिल्यावर हाड वाढले. चक्रे १,८०० केल्यावर जास्तीचा फायदा दिसला नाही. नुसता स्थिर भार हाडाला पुरत नाही, बदलता भार लागतो. तोही थोडा पण नियमित.

यातून व्यवहारात काय घ्यायचे? चालणे चांगले, पण ते एकटे पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठबस, जिना, पाण्याच्या बाटल्या किंवा रबरी पट्ट्यांनी स्नायूंचा व्यायाम आणि एका पायावर उभे राहण्यासारखा तोल सांभाळण्याचा सराव यांची जोड हवी. अ‍ॅरोमॅटेझ इन्हिबिटरमुळे सांधे आखडतात, त्यालाही व्यायामाने आराम मिळतो. मणका आधीच दबला असेल तर पुढे खोल वाकण्याची आसने टाळावीत. हाडांत कर्करोग असेल तर फिजिओथेरपिस्टला विचारूनच व्यायाम ठरवावा.

१०. भाराची बाजू: वजन उचलणे आणि पडणे

बादलीचे उदाहरण. १५ लिटरची भरलेली बादली म्हणजे सुमारे १४७ न्यूटन. वाकून ती कण्यापासून ०.४ मीटरवर धरली तर आघूर्ण ५९ न्यूटन-मीटर. पाठीच्या स्नायूंची भुजा जेमतेम ०.०५ मीटर, म्हणून स्नायूंना सुमारे १,१८० न्यूटन ओढ लावावी लागते. मणक्यावर एकट्या बादलीमुळे येणारा दाब सुमारे १,३२० न्यूटन. तीच बादली अंगाजवळ, ०.२ मीटरवर धरली तर दाब सुमारे ७४० न्यूटन. हाड तेच, औषध तेच, पण सुरक्षा गुणांकाचा छेद जवळजवळ निम्मा झाला. गुडघ्यात वाकून, अर्धी बादली, अंगाजवळ धरून उचला, हा सल्ला या गणितातून येतो.

पडणे. ६० किलोच्या व्यक्तीचा गुरुत्वमध्य पडताना ०.७ मीटर खाली आला तर ६० × ९.८ × ०.७ = सुमारे ४१० जूल ऊर्जा मोकळी होते. विरळ झालेला खुबा मोडायला याहून कितीतरी कमी ऊर्जा पुरते. बाजूवर पडणे सर्वांत घातक.

पॅक्लिटॅक्सेल, व्हिन्क्रिस्टिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिन यांसारख्या औषधांनी तळपायांची संवेदना बोथट होते. पाय कुठे पडतो ते कळत नाही. रात्री लघवीला उठताना, झोपेच्या गोळीच्या अमलात, ओल्या फरशीवर पाय सरकतो. उपाय स्वस्त आहेत: न्हाणीघरात आणि संडासात धरायला दांडा, रात्रीचा दिवा, सुटी पायपुसणी काढणे, मागून पट्टा असलेली चप्पल, आणि शक्यतो बसके कमोड. हे काम एका सुट्टीच्या दिवशी होते.

११. ही लक्षणे असली तर वाट पाहू नये

कर्करोगाचा इतिहास असलेल्या व्यक्तीला नव्याने, सतत वाढणारी, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी सुरू झाली तर ती हाडांच्या झिजेवर ढकलून मोकळे होऊ नये. सोबत पायांत अशक्तपणा, मांड्यांच्या मध्यभागी बधिरपणा किंवा लघवी-शौचावरचे नियंत्रण जाणे असेल तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. ही आणीबाणी आहे. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

१२. सारांश: केव्हा काय करावे

- उपचारापूर्वी किंवा सुरुवातीलाच: डेक्सा, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची तपासणी, दंतवैद्याची भेट.
- उपचारादरम्यान: पुरेसे कॅल्शियम, नियमित व्यायाम, धोक्यानुसार औषध, घरातल्या घसरणीच्या जागांचा बंदोबस्त, तंबाखू आणि दारू बंद.
- दर एक ते दोन वर्षांनी: त्याच यंत्रावर डेक्सा, उंची कमी झाली का याची नोंद.
- उपचार संपल्यावर: डेनोसुमॅब चालू असेल तर पुढची योजना लेखी घेणे.

डॉक्टरांच्या गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हा विषय राहून जातो. तेव्हा एकच प्रश्न विचारा: ‘या उपचाराने हाडांवर परिणाम होतो का, आणि त्यासाठी आपण काय करणार आहोत?’ बाकीचे संभाषण तिथून सुरू होते.

स्वाध्याय

1. पुरुषांतील संप्रेरकरोधक उपचाराचा दर ४.६ टक्के धरून तीन वर्षांनंतर जाळीदार हाडाचे सामर्थ्य किती उरेल ते काढा. गृहीतके लिहा.
2. आधाररहित लांबी दीडपट झाली तर बकलिंगचा क्रांतिक भार किती पट उरेल?
3. बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब थांबवल्यावर होणाऱ्या परिणामांत फरक का आहे, ते त्यांच्या कार्यपद्धतीवरून स्पष्ट करा.
4. टॅमॉक्सिफेनचा हाडांवरील परिणाम रजोनिवृत्तीपूर्वी आणि नंतर वेगळा का असतो?
5. तुमच्या घरातील न्हाणीघराचे रेखाचित्र काढा, पडण्याचा धोका असलेल्या तीन जागा दाखवा आणि प्रत्येकीसाठी कमी खर्चाचा उपाय सुचवा.